चंद्रीचा रंग

टेबलावर एकोणपन्नास आकृत्या होत्या. वीस भालाईत, बारा बंदूकवाले, आठ स्वार, चार बैल, दोन पखालवाले, एक आचारी आणि ओझ्याची दोन तट्टं. माणसं अंगठ्याच्या पेराएवढी, जनावरं त्याहून थोडी मोठी. रंग अजून कुणालाच लागला नव्हता. सगळ्यांच्या अंगावर अस्तराचा राखाडी थर तेवढा होता, त्यामुळे सगळी फौज धुक्यातून चालत आल्यासारखी दिसत होती. खरं तर आकृत्या पन्नास होत्या. तिसरं तट्टू प्रांजलनं टेबलाखाली शोधलं, खोक्यात शोधलं, पुसायच्या फडक्यात शोधलं, आणि मग तिला ते दिसलं. ते आबांच्या मुठीत होतं.

आबा, म्हणजे तिच्या वडिलांचे वडील अर्जुना, दिवाळीनंतर आटपाडीकडच्या गावाहून सांगलीला आले होते. विश्रामबागेतल्या या घराच्या मागच्या खोलीत एका बाजूला त्यांची खाट आणि दुसऱ्या बाजूला प्रांजलचं टेबल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मिरजेच्या डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात बघून सांगितलं होतं की तो पिकून तपकिरी झालाय, एकेक डोळा करून काढून टाकू. आबांनी दोनदा तारीख पुढं ढकलली होती. दिसतंय की मला, म्हणायचे, आणि दाराची चौकट हातानं चाचपत बाहेर जायचे.

प्रांजल कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि उरल्या वेळात फौजा रंगवायची. खेळ मोठ्या टेबलावरचा होता. डोंगर, नदी, वाडी, सगळं टेबलावर मांडायचं, दोन बाजूंनी फौजा उभ्या करायच्या, फूटपट्टीनं अंतर मोजून त्या पुढं सरकवायच्या आणि लढाई फाशांवर सोडायची. साताऱ्याचा धैर्यशील थ्रीडी प्रिंटरवर आकृत्या छापून पाठवायचा, ती रंगवायची. खेळणाऱ्यांना स्वार आवडतात. बुणगे, म्हणजे फौजेमागचा आचारी, पखालवाले, बैल, तट्टं, कुणाला नको असतात. प्रांजलला तेच आवडत. लढाई करायला निघालेल्या माणसांना शेवटी भाकरी कुणीतरी पोचवावी लागते, असं ती म्हणायची.

आबांनी मूठ उघडली नाही. आतल्या तट्टाच्या मानेवरून, पाठीवरून, पोटाच्या दोरीवरून ते अंगठा फिरवत राहिले.

"ही चंद्री हाय," ते म्हणाले.

चंद्री त्यांची घोडी. ठेंगणी, ओझ्याची. दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचे. खरसुंडी, विटा, पुसेसावळी, रहिमतपूर असं करत साताऱ्यापलीकडं मेढ्याच्या डोंगराला लागायचे आणि मृगाच्या आधी परत फिरायचे. सगळा संसार चंद्रीच्या पाठीवर असायचा. भांडी, घोंगडी, पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या, आदल्या रात्री जन्मलेली कोकरं, आणि एका बाजूच्या झोळीत प्रांजलचा बाप सूरज. तो चालायला शिकला त्याच्या आधी दोनदा मेढा बघून आला होता. चंद्रीला जाऊन आता चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. फोटो एकही नव्हता. मेंढरामागं फिरणाऱ्याचा फोटो काढायला त्या काळी कोण येणार होतं?

आबा रोज पहाटे उठून वाटेवरचे मुक्काम पुटपुटायचे, मग कुत्र्यांची नावं, मग विहिरींची. प्रांजलला आधी वाटलं जप चाललाय. नंतर तिला सूरजनं सांगितलं. गावात आबांच्या बरोबरीचे भाऊसो हळूहळू सगळं विसरत गेले होते. आधी नातवंडांची नावं, मग घराची वाट. आबांना डोळ्यांची भीती नव्हती, भाऊसोंच्या त्या वाटेची होती. म्हणून ते रोज स्वतःची परीक्षा घ्यायचे, आणि परीक्षेचा शेवटचा प्रश्न चंद्रीचा रंग असायचा. तो शब्दांत सांगता येत नव्हता, म्हणून बरोबर आला की चुकला हेही कळत नव्हतं.

"तू रंग लाव," आबा म्हणाले. "मी सांगतो. मला याद हाय."

मग रोज संध्याकाळी दोघं बसू लागले. पांढऱ्या ट्यूबचा उजेड आबांच्या डोळ्यांत काट्यासारखा घुसायचा, म्हणून प्रांजलनं जुना पिवळा बल्ब लावला. थंडीचे दिवस. उसाच्या गाड्या लांबून वाजत जायच्या, कारखान्याकडून गोडसर जळका वास यायचा, आणि त्या पिवळ्या उजेडाच्या वर्तुळात फक्त ती फौज, ब्रशाचं टोक आणि आबांचा आवाज असायचा.

रंग थेंबाथेंबानं मोजून मिसळायचा ही प्रांजलची पद्धत. पांढऱ्यात थोडा काळा घालून तिनं पहिली राखाडी छटा लावली. आबांनी तट्टू नाकाजवळ धरलं आणि मान हलवली. ही उन्हात वाळली, म्हणाले. चंद्री गार होती. चूल विझल्यावर पहाटे राखेवर दव पडतं ना, तशी. प्रांजलनं निळ्याचा एक थेंब टाकला. अजून गार, आबा म्हणाले. तिनं दुसरा टाकला. मधेच ते थांबायचे आणि रहिमतपूरच्या शिवारातली एखादी रात्र सांगू लागायचे. मेंढरं एकमेकींना चिकटून बसलीत, धुकं गुडघ्यापर्यंत आलंय, चंद्रीचे पाय दिसत नाहीत, नुसती पाठ धुक्यावर तरंगतेय. ऐकता ऐकता प्रांजलचा ब्रश हवेतच राहायचा. तिला वाटायचं, खोलीतल्या पिवळ्या उजेडाच्या कडेपलीकडं खरंच कुणीतरी उभं आहे आणि शेपटी हलवतंय.

पाचव्या थेंबाला आबांनी मान हलवली नाही. तट्टू तळहातावर घेऊन त्यांनी जिभेनं टाळूवर तो आवाज काढला, जो जनावराला जवळ बोलवायला काढतात.

"हां. आली."

प्रांजलनं तट्टाच्या पायाखालची बैठक उलटी केली आणि नेहमीच्या सवयीनं बारीक ब्रशानं खाली मिश्रण लिहिलं: पांढरा ९, काळा ३, निळा ५. पुढं कधी डाग पडला तर तोच रंग पुन्हा करता यावा म्हणून ती प्रत्येक आकृतीखाली असं लिहायची.

त्यानंतर आबाच फौजेचे रंगारी झाले. घोंगडी अशी नाही, तशी. मुंडासं असं धुतलेलं नसतं. वाटेची धूळ इतकी लाल नसते. प्रांजल ऐकत गेली. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला एवढं लख्ख आठवतंय याचाच तिला आनंद होता. आबांची पहाटेची पुटपूट हळूहळू कमी झाली. एक दिवस ते स्वतःच म्हणाले, आता डोळ्याचं उरकून टाकू. मिरजेची तारीख ठरली. आधी उजवा डोळा, महिन्यानं डावा.

त्याच्या आदल्या रविवारी प्रांजल फौज घेऊन साताऱ्याला गेली. एसटीत खोकं मांडीवर. धैर्यशीलचं घर शेतीवाल्यांचं, आणि दर पिढीत एक जण सैन्यात. घरात टेबलावरच्या लढाईबद्दल वाटेल तेवढं बोलत, खऱ्या लढाईबद्दल कुणी बोलत नसे. माडीवरच्या खोलीत त्यानं एक घाट मांडला होता. जानेवारीतलं दुपारचं ऊन, पांढरं स्वच्छ, चारही खिडक्यांतून आत आलं होतं. प्रांजलनं एकेक आकृती काढून घाटाच्या पायथ्याशी ठेवली. पन्नास पूर्ण झाल्या तेव्हा खेळायला आलेले सगळे टेबलाभोवती गोळा झाले होते.

धैर्यशील वाकून बघत होता.

"आगं, ही रात्र कशी रंगवलीस तू?"

"कसली रात्र?"

"सगळी फौज चांदण्यात उभी हाय की."

प्रांजलनं पाहिलं. भाल्यांची टोकं निळसर चमकत होती. घोंगड्या काळ्याऐवजी गडद निळ्या होत्या. धूळ राखेसारखी फिकी होती. खिडकीतलं ऊन थेट त्यांच्या अंगावर पडलं होतं, तरी ते पन्नास जण कुठल्यातरी दुसऱ्याच वेळेत होते. सगळ्यांत पुढं चंद्री, पौर्णिमेला भिजल्यासारखी निळी.

तिनं तिला उचलून खिडकीशी नेलं आणि तिला सगळं कळलं. हे तिला दोन महिन्यांपूर्वीच कळायला हवं होतं, कारण दर वर्षी ती मुलांना हेच शिकवायची. पिवळी काच निळा उजेड अडवते. आबांच्या डोळ्यांतली भिंगं पिकून तपकिरी झाली होती. निळा त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता, म्हणून आठवणीतला रंग दिसेपर्यंत ते निळा मागत गेले. आणि तिच्या स्वतःच्या डोळ्यांना ते दिसलं नाही, कारण वर पिवळा बल्ब होता. तो तिनंच लावला होता.

खेळ झाला. कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळे हलक्या आवाजात बोलत होते. फासेसुद्धा हळू टाकत होते, जणू कुणी झोपलेलं उठेल. बुणगे घाट चढून पलीकडं उतरले. हरलेला गडीही त्यांच्याकडं बघत बसला. धैर्यशीलनं चांदण्याचं मिश्रण विचारलं, पुढच्या खेळापर्यंत फौज ठेवून जा म्हणाला. प्रांजलनं नको म्हटलं.

परतीच्या वाटेवर कराडपर्यंत तिनं एकच गोष्ट उलटसुलट केली. दोन दिवसांनी आबांच्या उजव्या डोळ्यात स्वच्छ भिंग बसणार. ते चंद्री बघायला मागणार. आणि निळी घोडी बघून ते एकच अर्थ काढणार. सूरजला तिनं रात्री सगळं सांगितलं. तो म्हणाला, साताऱ्याला हरवलं म्हणून सांग. हरवलेलं म्हाताऱ्याला पचेल, विसरलेलं पचायचं न्हाई. प्रांजलनं तट्टू खरंच कपाटात लपवलंही, आणि सकाळी पुन्हा काढून टेबलावर ठेवलं.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली तेव्हा आबा आधी हसले. सगळ्या मिरजेनं कपड्यांना नीळ घातलीय का, त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस पिवळं बघितलंय, आता काही दिवस सगळं निळं वाटेल, मग बसेल जागेवर. रिक्षात आबा आभाळ बघत आले. घरी येऊन चहा घेतला आणि हात पुढं केला.

प्रांजलनं चंद्री त्यांच्या हातावर ठेवली.

आबांनी अंगठ्यानं मान चाचपली, पाठ चाचपली. मग बघितलं. बाहेर भंगारवाल्याची हाक लांब गेली, आणखी लांब गेली.

"ही कोण?" ते म्हणाले. मग अगदी हळू, "म्हंजे मी इसरलो."

"आबा, उजवा डोळा झाका."

त्यांनी तळहातानं नवा डोळा झाकला. डाव्या, जुन्या डोळ्यानं बघितलं. ओठ हलले.

"ही हाय."

"आता डावा झाका."

"ही न्हाई." पुन्हा हात बदलला. "ही हाय." पुन्हा. "न्हाई." किती वेळ ते असेच हात बदलत बसले. शेवटी त्यांना हसू फुटलं. "ह्या डोळ्याची येगळी घोडी, त्या डोळ्याची येगळी. मग खरी कुठं गेली गं?"

प्रांजल खाटेवर त्यांच्याजवळ बसली आणि तिनं सगळं सांगितलं, बल्बसकट. चंद्री होती तेव्हा आबांचे दोन्ही डोळे स्वच्छ होते, आजच्या उजव्यासारखे. ती स्वच्छ डोळ्यांनी बघितलेली चंद्री आठवणीत जशीच्या तशी आहे. जुन्या डोळ्यातून निळं तट्टू जसं दिसतं, तसाच तिचा खरा रंग. आबा विसरले नव्हते. चुकलं होतं तिचं. पण तो रंग आता जगात एकाच ठिकाणी दिसत होता, आबांच्या डाव्या डोळ्यामागं, आणि तो डोळा महिन्यानं जाणार होता.

आबांनी विचार केला. मग डाव्याची तारीख पुढं ढकलू म्हणाले. सूरज आतून ओरडला, घोडीपायी डोळा ठेवता काय? प्रांजल म्हणाली, ढकलायची गरज नाही. दुसरं तसंच भिंग बनवू.

आधी तिनं पंधरा दिवस जाऊ दिले. दोरीवरचं धोतर उजव्या डोळ्याला निळं न दिसता पांढरं दिसू लागलं तेव्हा ती स्वयंपाकघरात गेली आणि कोरा चहा उकळला. प्रयोगशाळेतून आणलेल्या सपाट काचेच्या चौकोनी भांड्यात तो गाळून ओतला. अंगणात, सकाळच्या उजेडात, धुतलेलं धोतर पसरलं. आबांनी नव्या डोळ्यासमोर चहाचं भांडं धरायचं आणि बघायचं, मग तो झाकून जुन्या डोळ्यानं नुसतं बघायचं. दोन्हीकडून धोतराचा रंग एकच दिसला पाहिजे.

"लय पातळ," आबा म्हणाले. "ह्यो शेरातल्या पाव्हण्याचा चहा झाला."

तिनं कडक केला. आता फारच झाला, ह्यो उसाच्या तोडकऱ्यांचा, आबा म्हणाले. तिनं मोजून पाणी घातलं. आबा हात बदलत राहिले. शेजारच्या चंद्राबाई कुंपणावरून बराच वेळ बघत होत्या; म्हाताऱ्याला चहा डोळ्यानं पाजतात का, असं त्यांनी विचारलं. आणि मग तिथंच उभ्या राहिल्या. ऊन पायरीवरून खाली सरकलं तेव्हा आबा थांबले. या डोळ्यानं बघितलं. त्या डोळ्यानं बघितलं.

"येक झालं."

प्रांजलनं भांडं त्यांच्या हातातून घेतलं. अंगणातल्या पाटावर तिनं सगळी फौज मांडून ठेवली होती. तिनं एक डोळा मिटला, दुसऱ्यासमोर चहा धरला.

चांदणं उतरलं. पाटावर दुपार झाली. घोंगड्या लोकरीच्या काळ्या झाल्या, मुंडाशांवर घामाचे डाग उमटले, धूळ विटा-पुसेसावळीच्या वाटेवर असते तशी झाली. माणसं तीच होती, पण आता ती कुठूनतरी निघालेली आणि कुठंतरी पोचायची असलेली दिसत होती. आणि पुढं एक ठेंगणी घोडी, विझलेल्या चुलीच्या राखेची, पाठीवर जराशी मातकट, जिथं झोळीची दोरी घासते तिथं. प्रांजलच्या जन्माआधी कितीतरी वर्षं ती मेली होती. प्रांजलनं श्वास हळू सोडला, काच धुरकट होऊ नये म्हणून.

मग तिनं दुसरं तट्टू घेतलं आणि कामाला लागली. चहातून निळी चंद्री बघायची, चहा बाजूला करून उघड्या डोळ्यानं नवा रंग बघायचा, थेंब टाकायचा, पुन्हा बघायचं. बल्ब नाही, ऊन. तीन सकाळी गेल्या. तिसऱ्या सकाळी तिनं दोन्ही तट्टं पाटावर ठेवली. आबांनी डाव्या डोळ्यानं निळं बघितलं. मग डावा झाकून उजव्यानं नवं बघितलं. एकदाच. हात पुन्हा बदलला नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्या दिवशीच झालं. पट्टी निघून पंधरा दिवस झाले, त्या दुपारी आबा अंगणात बसले. आता दोन्ही डोळ्यांना निळी घोडी निळीच दिसत होती. ती त्यांनी परत दिली, साताऱ्याच्या पोराला दे म्हणाले, त्याला चांदणं पायजे होतं. दुसरी तळहातावर घेतली, आभाळाकडं धरली आणि जिभेनं टाळूवर तो आवाज काढला.

संध्याकाळी ते झोपल्यावर प्रांजलनं तट्टू त्यांच्या उशाजवळून उचललं, बैठक उलटी केली आणि सगळ्यांत बारीक ब्रश घेतला.

पांढरा ११, काळा ३, पिवळी माती २, निळा ०.